शेणाच्या लेपासाठी ब्रिटिश संसदेने १५०० पौंड दिले, पण माळ्याचं नाव टिकलं पिवळ्या फुलामुळे

मार्च-एप्रिलमध्ये युरोप-अमेरिकेतल्या कुणाचे फोटो बघितले असतील, तर हे झुडूप तुम्हाला दिसलं असेल. पान एकही नाही, पण फांद्या पिवळ्याधमक फुलांनी लगडलेल्या. याचं नाव फोर्सिथिया. विल्यम फोर्सायथ या माळ्यावरून पडलेलं. गंमत म्हणजे त्याचा या झुडपाशी काडीचा संबंध नव्हता.

फोर्सायथ १७३७ साली स्कॉटलंडमधल्या ओल्डमेल्ड्रमला जन्मला. पुढे तो फिलिप मिलर या नावाजलेल्या माळ्याच्या हाताखाली शिकला आणि १७७१ मध्ये लंडनच्या चेल्सी इथल्या औषधी बागेत त्याच्याच जागी नेमला गेला. काही वर्षांत थेट राजा तिसऱ्या जॉर्जच्या केन्सिंग्टन आणि सेंट जेम्सच्या बागा त्याच्याकडे आल्या.

इथवर सगळं छान होतं. मग आला लेप.

तेव्हा ब्रिटिश नौदलाची जहाजं ओकच्या लाकडाची असायची. ओकची झाडं आतून पोकळ निघायला लागली की सरकारला घाम फुटायचा. फोर्सायथ म्हणाला, इलाज माझ्याकडे आहे. सोळा भाग ताजं शेण, आठ भाग जुन्या भिंतींचा चुना, आठ भाग लाकडाची राख आणि एक भाग वाळू. पुढे त्यात मूत्र आणि साबणाचं पाणीही आलं. शेणाने घर सारवलेल्या आपल्या आज्यांना यात काही नवल वाटलं नसतं, पण तिकडे संसदेने यासाठी १५०० पौंड दिले. कृती १७९१ मध्ये छापून जाहीर झाली.

दावा असा की लेपाने पोकळ खोडही नव्या लाकडाने भरतं. थॉमस अँड्र्यू नाइट या बागायतीच्या अभ्यासकाला हे पटेना. १८०२ मध्ये त्याने उघडपणे शंका घेतल्या. नाइट बरोबर होता. झाड जखम कडेने स्वतःच झाकतं, पण मेलेलं लाकूड परत जिवंत होत नाही.

वाद मिटायच्या आधीच, जुलै १८०४ मध्ये फोर्सायथ वारला. त्याच वर्षी मार्चमध्ये, आज रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी म्हणून ओळखली जाणारी संस्था स्थापन करणाऱ्या सात जणांत तो होता.

आणि त्याच वर्षी मार्टिन व्हाल या वनस्पतिशास्त्रज्ञाने एका जपानी झुडपाच्या प्रजातीला त्याचं नाव दिलं. थुनबर्गने १७८४ मध्ये ते लायलॅक समजून नोंदवलं होतं. जिवंत रोप हॉलंडला पोचलं १८३३ च्या सुमारास. म्हणजे फोर्सायथने ते बागेत फुललेलं पाहिलंच नाही.

कूळ मात्र आपल्या ओळखीचं आहे. मोगरा, जाई, प्राजक्त यांच्याच कुळातलं हे झुडूप. चार पाकळ्या बुडाशी जुळलेल्या, आत दोनच पुंकेसर. फुलं येतात गेल्या वर्षीच्या फांदीवर. त्यामुळे छाटणी बहर संपल्यावर लगेच करायची. हिवाळ्यात कात्री चालवली, तर त्या वसंतातली फुलं गेलीच.