संत गाडगे महाराज : काटकसरीतून उभा राहिलेला यात्रेकरूंचा निवारा

महाराष्ट्राच्या तीर्थक्षेत्री येणाऱ्या गरीब यात्रेकरूला डोक्यावर छप्पर मिळावे, यासाठी ज्या सत्पुरुषाने उभे आयुष्य वेचले, त्याने स्वतःसाठी साधी झोपडीदेखील बांधली नाही. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि डोक्यावर फुटक्या गाडग्याचे खापर, एवढाच ज्यांचा संसार होता, ते संत गाडगे महाराज होत.

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट समाजातील गरीब कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील झिंगराजी मद्याच्या आहारी गेले आणि डेबूजी लहान असतानाच त्यांचे निधन झाले. आई सखुबाई मुलाला घेऊन दापुरे येथे माहेरी आल्या. मामाच्या घरी डेबूजी गुरे राखू लागले व पुढे शेतीत निष्णात झाले. शाळेची पायरी त्यांना चढता आली नाही. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात सापडली, तेव्हा अशिक्षित माणसाला कागदावरचा अंगठा किती महागात पडतो, हे त्यांनी जवळून पाहिले. व्यसनाने वडील गेले आणि कर्जाने मामाचे घर खचले, या दोन आघातांतून महाराजांच्या पुढील साऱ्या शिकवणुकीचा उगम झाला.

१८९२ साली त्यांचा विवाह कुंताबाईंशी झाला. मुलीच्या बारशाला मद्य व मांसाची पंगत घालण्याची जातीत रूढी होती. त्यासाठी लोक कर्जही काढीत. डेबूजींनी ही रूढी मोडून आलेल्या पाहुण्यांना साधे गोडाचे जेवण दिले. भाऊबंद रागावले, परंतु ते आपल्या निश्चयापासून ढळले नाहीत.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. त्यानंतरचे त्यांचे जीवन म्हणजे अखंड पायी भ्रमंती होय. जवळ पैसा नाही, शिदोरी नाही, उद्याच्या मुक्कामाची चिंता नाही. गावात शिरताच ते प्रथम खराट्याने रस्ते व गटारे झाडू लागत. काम झाल्यावर कोणी दिलेली भाकरी त्या खापरातच घेऊन खात, त्यातच पाणी पीत, आणि वाटेने निघताना तेच खापर उन्हापावसात डोक्यावर ठेवीत. श्रमाशिवाय अन्न घ्यावयाचे नाही, असा त्यांचा दंडक होता. या खापरामुळेच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन येथे पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. तेथील नदीकाठ चिखलाचा व निसरडा असल्याने स्नानाला येणाऱ्या वृद्धांचे व स्त्रियांचे हाल होत. महाराजांनी स्वतः अंगमेहनत केली, लोकांनाही कामाला लावले आणि तेथे घाट बांधून घेतला. यात्रेकरूंच्या सोयीसाठी त्यांनी हाती घेतलेल्या कार्याचा येथून आरंभ झाला.

पंढरपूरला लक्षावधी वारकरी येत. त्यांतील अनेकांना चंद्रभागेच्या वाळवंटात उघड्यावर रात्र काढावी लागे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या भाविकांची स्थिती तर अधिकच बिकट होती. १९४७ सालापर्यंत त्यांना श्रीविठ्ठलाच्या मंदिरात प्रवेशही नव्हता. त्यांच्यासाठी महाराजांनी १९२० च्या सुमारास पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली. ही वास्तू त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक, आळंदी, देहू या क्षेत्रांतही त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा झाल्या. यात्रेच्या काळात अंध, अपंग व निराधारांसाठी अन्नदान सुरू झाले. स्वतः महाराज पंढरीला जात, तेव्हा वाळवंट झाडण्यातच त्यांचा दिवस जाई. भक्तांची सेवा हेच त्यांचे देवदर्शन होते.

या वास्तूंसाठी कीर्तनातून मोठ्या रकमा जमत. पण महाराज त्यांतील पैशालाही आपला मानीत नसत. संस्थांचा कारभार त्यांनी विश्वस्तांकडे सोपविला. स्वतःसाठी वा कुटुंबीयांसाठी हक्क राखून ठेवला नाही. या व्रताची किंमत आई, पत्नी व मुले यांनाही मोजावी लागली. ज्याच्या शब्दावर धनवंत थैल्या मोकळ्या करीत, त्याच्या घरची माणसे मात्र कष्टातच राहिली. १९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता पुत्र गोविंद याच्या निधनाची वार्ता आली. महाराजांनी दुःख आवरले आणि श्रोत्यांसमोर कीर्तन पूर्ण केले.

त्यांच्या कीर्तनाची रीत आगळी होती. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. नवसापायी मुक्या प्राण्याचा बळी देऊ नये, ऋण काढून सण वा लग्न करू नये, दारूला शिवू नये, शिवाशीव पाळू नये, असे ते कळकळीने सांगत. ताटाविना हातावर भाकरी घेऊन खावी, स्वस्तातले कापड नेसावे, पण मुलांना शाळेत घातल्यावाचून राहू नये, हा त्यांचा आग्रह होता. काटकसर म्हणजे कृपणता नव्हे. स्वतःवरील खर्च आवरून तो योग्य कामी लावणे होय, हे त्यांच्या जीवनातून स्पष्ट होते. त्यांनी कोणाला शिष्य केले नाही आणि कोणाला पायाही पडू दिले नाही.

१९५२ साली त्यांच्या कार्यासाठी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे, प्रवासात असतानाच, त्यांनी देह ठेवला. अमरावती येथे त्यांची समाधी आहे. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले असून, त्यांच्याच नावाने महाराष्ट्र शासनाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. मुंबईत दादर येथील मिशनच्या धर्मशाळेत उपचारासाठी आलेल्या कर्करुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना आसरा मिळतो.

तीर्थयात्रेसाठी धन लागत नाही, हे गाडगे महाराजांनी पायी चालून दाखविले. आणि धन असेल तर ते कोठे खर्चावे, हे धर्मशाळा बांधून दाखविले. ऋण न काढता आपल्या ऐपतीत यात्रा करणारा भाविक, मुक्कामाची जागा झाडून निघणारा यात्रेकरू आणि नावाची अपेक्षा न धरता अन्नदानाला हात लावणारा दाता, हे तिघेही त्यांच्याच वाटेचे वारकरी आहेत. या निष्कांचन लोकसेवकाच्या चरणी विनम्र अभिवादन!