रमाबाई ग्रीक शिकल्या ती गोष्ट



उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या वर्गाचा एक जुना विद्यार्थी सनदला आई-वडिलांकडे आला होता. तो आता इंग्लंडमध्ये विद्यापीठात शिकतो. पहिल्याच वर्षी त्याने प्राचीन ग्रीक हा विषय घेतला, तोही अगदी मुळाक्षरांपासून. पहिले दोन महिने नुसती रूपं घोकण्यात गेली आणि दिवाळीच्या सुमारास विषय सोडून द्यावा असं त्याला वाटू लागलं, असं तो सांगत होता. मी त्याला सहज विचारलं की पंडिता रमाबाई ग्रीक कशा शिकल्या हे ठाऊक आहे का. त्याने मान हलवली. त्याच्या आईनेही हलवली! म्हणून या अंकात रमाबाईंची गोष्ट.

तशी ग्रीक भाषा आपल्या या बेटाला परकी नाही. प्राचीन ग्रीक लोक बहारीनला तिलोस म्हणत. सिकंदराच्या खलाशांनी हे बेट पाहिलं होतं आणि इथे ग्रीक अक्षरांतला एक शिलालेखही सापडला आहे. मुहर्रकला त्यांनी अरादोस हे नाव दिलं होतं. विमानतळाजवळच्या अराद गावाचं नाव आठवा.

आता रमाबाई. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ नावाच्या जंगलात झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. बायकांनी संस्कृत शिकू नये असं मानण्याचा तो काळ. पण अनंतशास्त्रींनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्याबद्दल त्यांना उडुपीच्या धर्मपंडितांपुढे जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्राचे आधार काढून दाखवले आणि आपलं म्हणणं सोडलं नाही.

पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं आणि वर्षानुवर्षं फिरतच राहिलं. देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्या दक्षिणेवर राहायचं. छोट्या रमेला शाळा अशी नव्हतीच. वडील वृद्ध झालेले, म्हणून शिकवायचं काम आईकडे आलं. दिवसभर कामं असायची, तेव्हा आई पहाटे उजाडण्यापूर्वी तिला झोपेतून अलगद उचलून जागं करी आणि संस्कृत श्लोक म्हणवून घेई. भागवताचे अठरा हजार श्लोक रमेला असे तोंडपाठ झाले.

आणि मराठी? पालकहो, इथे जरा थांबा. मराठी ही रमाबाईंची घरची भाषा. पण त्या वाढल्या कानडी, हिंदुस्तानी, बंगाली बोलणाऱ्या मुलखांत. त्यांची मराठी झाली ती आई-वडिलांचं बोलणं ऐकून आणि हाती पडतील ती मराठी वर्तमानपत्रं वाचून. पुण्यात त्या राहायला आल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. आपल्या वर्गातल्या मुलांचं मराठी तरी याहून वेगळं कसं होतं?

मधल्या काळात फार दुःख झालं. १८७० नंतरच्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी चालून १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांनी लग्न केलं. मुलगी मनोरमा १८८१ ची, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले.

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. डॉक्टर व्हावं म्हणून १८८३ मध्ये त्या छोट्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांना ऐकू येईनासं होऊ लागलं आणि डॉक्टरकीचा विचार सोडावा लागला. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुण्यात यावर मोठं वादळ झालं. पुढे शारदा सदन या त्यांच्या शाळेतून १८९३ मध्ये अनेकांनी मुली काढून घेतल्या, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनीही सल्लागार मंडळ सोडलं. या वादात कोणाचं बरोबर, हे आपल्या घराघरांतून वेगवेगळं ठरेल. आपण आज भाषेची गोष्ट सांगतो आहोत.

चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात रमाबाई संस्कृत शिकवत आणि स्वतः इतर विषय शिकत. त्या काळी ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला ग्रीक आल्याशिवाय प्रवेशच मिळत नसे. ही अट सुटली ती १९२० च्या आसपास. बायकांना ऑक्सफर्डने पदवी देऊ केली १९२० मध्ये आणि केंब्रिजने तर १९४८ मध्ये! म्हणजे ग्रीक ही मोठ्या घरच्या मुलग्यांनी लहानपणी शाळेत शिकायची गोष्ट होती.

रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. तोवर त्या पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावला स्थायिक झाल्या होत्या. तिथल्या ‘मुक्ती’ संस्थेत दुष्काळातून आणलेल्या आणि टाकून दिलेल्या दीड हजारांहून जास्त मुली-बायका राहत. एवढा संसार सांभाळायचा, धान्य, विहिरी, आजारपणं बघायची, आणि उरल्या वेळात हिब्रू आणि ग्रीक. कारण तेव्हाचं मराठी बायबल खेड्यातल्या बायकांना समजत नाही, त्यात संस्कृत शब्द फार आहेत, असं त्यांचं मत होतं. गंमत बघा, हे म्हणणारी बाई स्वतः संस्कृतची पंडिता! इंग्रजीवरून भाषांतर करणं सोपं होतं. त्यांना मुळावरूनच करायचं होतं.

संस्कृत येणाऱ्याला ग्रीकमध्ये जागोजागी ओळखीचे चेहरे भेटतात. ‘आहे’ला संस्कृतात अस्ति, ग्रीकमध्ये एस्ति. ‘मी देतो’ला ददामि, तिकडे दिदोमि. पितृ आणि पातेर, मातृ आणि मेतेर, सप्त आणि हेप्ता. क्रियापदाचा भूतकाळ करताना संस्कृतात आधी ‘अ’ लागतो, ग्रीकमध्ये ‘ए’. आत्मनेपदासारखा प्रकारसुद्धा आहे. आपला विद्यार्थी ज्या तक्त्यांनी घामाघूम झाला, त्यांतली निम्मी तऱ्हा रमाबाईंच्या आईने पहाटे अंधारात शिकवून ठेवली होती. एक मात्र वेगळं होतं. बायबलच्या नव्या करारातलं ग्रीक हे बाजारात, बंदरात बोललं जाणारं साधं ग्रीक. त्यात द्विवचन उरलेलं नव्हतं.

हिब्रूचं तसं नव्हे. तिथे संस्कृतची मदत नाही. अक्षरं बावीस, लिहायचं उजवीकडून डावीकडे, स्वर म्हणजे वर-खाली दिलेले ठिपके नि रेघा. पण मुलांनो, शाळेत अरबी शिकणाऱ्या तुमच्यापैकी कित्येकांना ती रमाबाईंपेक्षा सोपी गेली असती! घराला अरबीत बैत, हिब्रूत बाइत. हाताला दोन्हीकडे याद. तीन अक्षरांच्या धातूवरून शब्द बनवायची रीतही तीच.

कानांनी साथ सोडलेली असल्यामुळे हे सगळं पुस्तकातून, डोळ्यांनीच करायचं होतं. पंधरा वर्षांहून जास्त काळ हे काम चाललं. भाषांतर छापायला केडगावलाच छापखाना होता आणि खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या संस्थेतल्याच बायका होत्या. त्यांतल्या पुष्कळजणी तिथे आल्या तेव्हा अक्षरशत्रू होत्या. मला स्वतःला या गोष्टीतला हाच भाग सर्वांत आवडतो.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. शाळेचा भार तिच्यावर होता. त्यानंतरही रमाबाईंनी हातातलं काम पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. पूर्ण बायबल १९२४ साली छापून निघालं. मराठी ख्रिस्ती लोकांत पुढे बायबल सोसायटीचंच भाषांतर जास्त चाललं आणि रमाबाईंचं मागे पडलं. मुक्ती संस्था मात्र केडगावला आजही आहे. सुट्टीत पुण्याला गेलात तर आगगाडीने जाऊन येण्यासारखं ठिकाण आहे.

जाता जाता मोठ्या गटासाठी गृहपाठ. किताब, हिशेब, तारीख, खबर असे अरबीतून मराठीत आलेले आणखी दहा शब्द शोधून पुढच्या शुक्रवारी घेऊन या. आई-बाबांना विचारलं तरी चालेल. शाळेतल्या अरबीच्या बाईंना विचारलंत तर आणखी बरं.