विश्लेषण : आघात पुढून, तरी पोलाद मागून का फुटते? बर्ट्राम हॉपकिन्सन यांनी काय शोधले?

जाड पोलादी पत्र्यावर स्फोटक ठेवून उडवले, तर पत्र्याला आरपार भोक पडेलच असे नाही. मात्र मागच्या बाजूची ढलपी सुटून वेगाने उडू शकते. रणगाड्याचे चिलखत न भेदताही आतील सैनिकांचा जीव जाऊ शकतो, तो यामुळेच. असे आघात मोजण्याची पद्धत दिली बर्ट्राम हॉपकिन्सन या ब्रिटिश अभियंत्याने.

वकिलीतून अभियांत्रिकीकडे कसे?

हॉपकिन्सन यांचा जन्म १८७४चा, बर्मिंगहॅमचा. केंब्रिजमध्ये शिकून ते वकील झाले. ऑगस्ट १८९८मध्ये आल्प्समधील गिर्यारोहणात त्यांचे वडील, एक भाऊ आणि दोन बहिणी मृत्युमुखी पडल्या. वडील जॉन हॉपकिन्सन नामांकित अभियंते होते. लोखंडी तारेला वजन पाडून झटका दिल्यास ती कशी तुटते, याचे प्रयोग त्यांनी १८७२मध्ये केले होते. या दुर्घटनेनंतर बर्ट्राम यांनी वकिली सोडून वडिलांचे क्षेत्र स्वीकारले. १९०३मध्ये, वयाच्या २९व्या वर्षी, ते केंब्रिजमध्ये प्राध्यापक झाले.

ढलपी मागूनच का सुटते?

आघाताने निर्माण झालेली दाबाची लहर पोलादातून सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर वेगाने धावते. मागच्या पृष्ठभागापलीकडे फक्त हवा असते. तेथून परतताना दाबाच्या लहरीचे ताणाच्या लहरीत रूपांतर होते. हा ताण सहनशक्तीपलीकडे गेला, की पोलाद आतून फाटते.

मोजमाप कसे केले?

हॉपकिन्सन यांनी लांब पोलादी दांडा टांगला आणि त्याच्या टोकाला छोटा तुकडा चुंबकाने धरून ठेवला. दुसऱ्या टोकावर गोळी आदळली किंवा स्फोट झाला, की तुकडा लहरीचा संवेग घेऊन सुटे. वेगवेगळ्या लांबीचे तुकडे वापरून दाब किती होता आणि किती काळ टिकला, याचा अंदाज घेता आला. हे संशोधन १९१४मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढे काय झाले?

पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करी विमानांच्या शस्त्रास्त्रांवर काम केले आणि स्वतः विमान चालवायला शिकले. ऑगस्ट १९१८मध्ये खराब हवामानात विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते ४४ वर्षांचे होते.

आज उपयोग काय?

१९४९मध्ये हर्बर्ट कोल्स्की यांनी एकाऐवजी दोन दांडे घेऊन मध्ये नमुना ठेवला. चिलखत असो वा मोटारीचा सांगाडा, वेगवान धडकेत धातू किती टिकेल हे आजही याच पद्धतीने तपासले जाते. पत्रा भेदला गेला नाही म्हणजे आतला माणूस सुरक्षित, असे गृहीत धरता येत नाही, हेच या प्रयोगांनी दाखवून दिले.