सुरतच्या डॉक्टर रखमाबाई

रखमाबाई म्हटलं की आपल्याला कोर्ट आठवतं. नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणणारी मुलगी, एवढ्यावर आपली माहिती संपते. पण खटला चालला चार वर्षं आणि डॉक्टरकी जवळजवळ पस्तीस. त्यातली सुमारे २२ वर्षं त्या सुरतेत होत्या.

जन्म २२ नोव्हेंबर १८६४, मुंबईचा. वडील लवकर गेले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लावलं गेलं, पण त्या सासरी गेल्याच नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपिलानंतर १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दादाजींना २००० रुपये देऊन तडजोड झाली.

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची पाठीशी उभ्या राहिल्या आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला, स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत गेल्या. तिथल्या डीन होत्या एलिझाबेथ गॅरेट अँडरसन. त्यांनी १८७२ मध्ये अंडाशयातली गाठ काढायचं ऑपरेशन केलं, तेही भाड्याने घेतलेल्या घरात! बाई दगावली तर हॉस्पिटलचं नाव जाईल, अशी भीती होती. तेव्हा ही शस्त्रक्रिया इतकी जोखमीची मानत.

आणि गाठ आहे हे ओळखायचं कसं? सोनोग्राफी नाही, एक्स-रे १८९५ चा शोध. पोट वाढलेली बाई समोर असेल तर ते बाळ असेल, जलोदर असेल, गाठ असेल किंवा नुसतं भरलेलं मूत्राशय. म्हणून आधी नळीने लघवी काढायची. मग बाईला उताणं झोपवून पोटावर बोटांनी ठोकून ऐकायचं. जलोदरात आतडी वर तरंगतात, त्यामुळे मध्ये पोकळ आवाज येतो आणि कुशींत बद्द. मोठ्या गाठीत नेमकं उलटं. सगळी भिस्त हातावर आणि कानावर! (ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये ध्वनिलहरींनी पोट तपासल्याचा निबंध छापला. जठराचा असाध्य कॅन्सर ठरवलेल्या एका बाईच्या पोटात प्रत्यक्षात अंडाशयाची गाठ निघाली, आणि ती बरी झाली.)

पण ठोकून बघायला बाईने आधी झोपायला तरी हवं ना! १८९४ मध्ये परीक्षा आणि ब्रुसेल्सची एम.डी. आटोपून रखमाबाई १८९५ मध्ये सुरतच्या स्त्रियांच्या दवाखान्यात रुजू झाल्या, तेव्हा खरी अडचण हीच होती. बायका दवाखान्यात यायलाच घाबरत. तिथे गेलेली परत येत नाही, असा समज. सांगतात की रखमाबाईंनी एका गाभण शेळीचं बाळंतपण दवाखान्यात केलं आणि आई-पिल्लू दोन्ही सुखरूप दाखवले. मला ही गोष्ट फार आवडते. लंडन-ब्रुसेल्सच्या पदव्यांनी जे जमलं नाही, ते एका शेळीने केलं.

पुढे प्लेग आला, दुष्काळ आला. त्या कामाबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा त्या विधवेची पांढरी साडी नेसू लागल्या. का, हे कोणालाच नीट उलगडत नाही. ज्या लग्नाला त्यांनी भर कोर्टात नाकारलं, त्याचंच वैधव्य? मला तर अजून पटलेलं नाही.

मग राजकोटच्या जनाना हॉस्पिटलात त्या १९२९ पर्यंत होत्या. निवृत्तीनंतर मुंबईत आल्या आणि पडदा पद्धत बंद करा, असं सांगणारी पुस्तिका लिहिली. पडद्याआडून रोग तपासण्यात किती अडचणी येतात, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वद वर्षांच्या असताना, फुप्फुसाच्या कॅन्सरने त्या गेल्या.