ध्यानातून लोकांकडे : धर्मानंद कोसंबी

ध्यान म्हणजे जगाकडे पाठ फिरवणे, त्याने संघर्षाची धार बोथट होते, अशी शंका आमच्या समाजात आजही घेतली जाते. धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र या शंकेला उत्तर देते.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण जेमतेमच. तरुणपणी मन उद्विग्न असता ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्र वाचनात आले आणि त्यांना दिशा गवसली. १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. १९०२ मध्ये श्रीलंकेत प्रव्रज्या घेऊन त्यांनी पालीचे अध्ययन केले. पुढे ब्रह्मदेशात ध्यानसाधना केली.

परंतु ते स्वतःच्या शांतीत रमले नाहीत. महाराष्ट्रात बुद्धविचार पोहोचवण्यासाठी कलकत्त्यातील मोठ्या वेतनाऐवजी त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपये पत्करले. हार्वर्डमध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनावर श्रमलेल्या या पंडिताने ‘समाधिमार्ग’ लिहून आनापानस्मृती व मैत्रीभावना मराठी वाचकाच्या हाती दिली. मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी कारावास भोगला. परळच्या कामगारवस्तीत बहुजनविहार उभारला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले.

श्वासावर स्थिरावलेले मन भय व द्वेष ओळखू शकते; असे मन अन्यायापुढे डगमगत नाही. म्हणून आम्ही पालकांना व माजी विद्यार्थ्यांना विनवतो : रोज थोडा वेळ शांत बसा, मुलांनाही बसवा. आणि उठल्यावर पुस्तक हाती घ्या, वस्तीतल्या माणसाची विचारपूस करा. ध्यानाची खरी परीक्षा तिथेच होते.