चेंडू दिला, पण चहाचा कप नाही दिला : फिरकीचा बादशहा बाळू पालवणकर यांची गोष्ट

भारताचा संघ पहिली कसोटी खेळला १९३२ साली. त्याच्या एकवीस वर्षं आधी एका मराठी गड्यानं इंग्लंडात जाऊन एकाच हंगामात ११४ बळी घेतले होते. त्यांचं नाव बाळू पालवणकर. डावखुरा फिरकी गोलंदाज, चर्मकार समाजातला. आपल्या काळात ते देशातल्या सगळ्यात मोठ्या गोलंदाजांपैकी एक होते. तरीही आज गावोगावच्या क्रिकेट स्पर्धांत खेळणाऱ्या पोरांना विचारलं, तर दहातल्या नऊ जणांना हे नाव माहीत नसतं.

पालवण ते पुणे

घराणं मूळचं कोकणातलं. पालवण या गावावरून आडनाव पडलं पालवणकर. बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. वडील लष्करात नोकरीला होते आणि पुढे कुटुंब पुण्यात आलं. बाळू, शिवराम, विठ्ठल आणि गणपत असे हे भाऊ, आणि चौघंही पुढे नावाजलेले क्रिकेटपटू झाले. एकाच घरातून चार खेळाडू निघणं ही आजही साधी गोष्ट नाही.

पुण्याच्या छावणीत गोरे अधिकारी क्रिकेट खेळायचे. त्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि शिवराम खेळायला शिकले. कोच नव्हता, पुस्तक नव्हतं. बघायचं आणि करायचं, एवढीच शाळा.

पोटासाठी काम लागलं तेही मैदानावरच. आधी पारशी मंडळींच्या क्लबात खेळपट्टी झाडायची आणि रोलर फिरवायचा. नंतर १८९२ च्या सुमाराला गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात नोकरी मिळाली. पगार महिन्याला चार रुपये. जाळी लावायची, खेळपट्टी तयार करायची, रेषा मारायच्या, गरज पडली तर टेनिसच्या कोर्टाचीही निगा राखायची.

साहेबाला बाद केलं की आठ आणे

क्लबातल्या एका साहेबानं या पोराला सरावासाठी चेंडू टाकायला सांगितलं. डाव्या हातानं सुटलेला चेंडू हवेत तरंगत यायचा, टप्पा पडला की फलंदाजापासून बाहेर वळायचा आणि मधूनच एखादा सरळ आत घुसायचा. साहेब लोक चक्रावले.

त्या वेळी जे. जी. ग्रेग हे भारतातल्या गोऱ्या फलंदाजांत अव्वल समजले जात. ते रोज इतरांच्या आधी मैदानावर यायचे आणि तासभर बाळूंची गोलंदाजी खेळायचे. बाळूंनी आपल्याला बाद केलं की ग्रेग त्यांना आठ आणे द्यायचे, असं सांगतात. महिन्याला चार रुपये पगार असलेल्या माणसाला आठ आणे म्हणजे जवळपास चार दिवसांची मजुरी. महिन्यातून आठ वेळा साहेबाला बाद केलं की पगार दुप्पट.

एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी. या साहेबांना बाळूंनी शेकडो तास चेंडू टाकले, पण कुणीही त्यांच्या हातात सरावाला बॅट दिली नाही. फलंदाजी हा मोठ्या लोकांचा मान आणि चेंडू टाकणं ही चाकरी, असा त्या काळचा हिशोब होता.

खेळायला घेतलं, पंगतीला नाही

बाळूंचं नाव पुण्यात पसरलं. त्या वेळी क्रिकेटचे संघ धर्मावर असायचे. गोऱ्यांचा वेगळा, पारशांचा वेगळा, हिंदूंचा वेगळा. पुण्यातल्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं आणि ते बाळूंशिवाय जमणार नव्हतं. पण अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या माणसाला संघात घ्यायचं कसं, यावरून क्लबात वाद पेटला. काही सभासद बाळूंच्या बाजूनं, काही कडाडून विरोधात. शेवटी खुद्द ग्रेग यांनी बाळूंना बाहेर ठेवणं हा हिंदू क्लबाचा मूर्खपणा ठरेल, असं सांगितल्याचं म्हणतात. मग कुठे संघात जागा मिळाली.

जागा मिळाली ती मैदानापुरतीच. बाळू टाकायचे तोच चेंडू सवर्ण खेळाडू झेलायचे, परत फेकायचे, तेव्हा विटाळ व्हायचा नाही. पण चहाची वेळ झाली की सगळे पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा घ्यायचे आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात दिला जायचा. तोंड धुवायचं असेल तर त्यांच्याच समाजातला एक गडी मैदानाच्या कोपऱ्यात पाणी घेऊन यायचा. जेवणाचं ताट वेगळं, टेबलही वेगळं.

बाळूंनी उत्तर दिलं ते चेंडूनं. त्यांच्या जोरावर पुण्याच्या हिंदू संघानं गोऱ्यांच्या संघाला हरवलं. पुढे साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना होता. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून त्यांनी खेळपट्टीवर कित्येक दिवस रोलर फिरवून ती दगडासारखी केली होती. बाळूंनी तिथंही सात गडी टिपले आणि पुण्याचा संघ जिंकला.

या विजयानंतर पुण्यात सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंच्या सहकाऱ्यांना कळीचा मुद्दा ऐकवला. ज्याच्यासोबत खेळायला चालतं, त्याच्यासोबत खायला-प्यायला काय हरकत आहे, असा त्यांच्या बोलण्याचा मतितार्थ होता. लोकमान्य टिळकांनीही बाळूंचा जाहीर गौरव केला. हळूहळू चहापाण्याचा विटाळ मागे पडू लागला.

मुंबईत गोऱ्यांना पाणी पाजलं

१८९६ नंतर पुण्यात प्लेगनं थैमान घातलं. बाळू मुंबईला गेले. तिथल्या हिंदू जिमखान्यातही आधी कुरकुर झाली, पण असा गोलंदाज सोडणं कुणाला परवडणार? ते संघात आले. पोटापाण्याला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरी लागली आणि रेल्वेच्या संघातूनही ते खेळू लागले.

१९०६ साली मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. देशात स्वदेशीची चळवळ जोरात होती. वंगभंगाचा राग ताजा होता. मैदानाभोवती हजारो लोक जमले. हिंदू संघानं तो सामना १०९ धावांनी जिंकला. बाळूंनी दोन डावांत मिळून आठ गडी बाद केले. संघात शिवरामही होते. राज्य करणाऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवता येतं, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. त्या काळच्या सुधारकी वृत्तपत्रांनी याचा आणखी एक अर्थ काढला. सगळ्या जाती एका संघात उतरल्या म्हणून हा विजय झाला, तेव्हा हेच घराघरांत आणि गावागावांत व्हायला हवं. पुढच्या वर्षी, १९०७ साली, हिंदूंनी गोऱ्यांना पुन्हा हरवलं.

इंग्लंडचा दौरा

१९११ साली सगळ्या धर्मांच्या खेळाडूंचा एक अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंह. बाळू तेव्हा पस्तिशीचे होते आणि खांदाही दुखत होता. त्या वर्षी इंग्लंडात कडक उन्हाळा पडला होता. खेळपट्ट्या कोरड्या आणि टणक, म्हणजे फिरकीवाल्याला मदत कमीच. महाराज बराच काळ मेजवान्यांत आणि दरबारी भेटीगाठींत अडकलेले. संघ बहुतेक सामने हरला.

या पडझडीत एकटे बाळू उभे राहिले. सगळे सामने धरून त्यांनी ११४ बळी घेतले, तेही प्रत्येकी १९ पेक्षा कमी धावांच्या सरासरीनं. लेस्टरशायरच्या सामन्यात त्यांनी ११ गडी घेतले आणि भारतीय संघ जिंकला. सॉमरसेटलाही भारतीय संघानं एका गड्यानं हरवलं. तिथं शिवरामनं शतक ठोकलं. इंग्रज जाणकारांनी बाळूंचं तोंड भरून कौतुक केलं.

मुंबईत परतल्यावर त्यांचा सत्कार झाला, आणि दलित समाजाला तर हा आपल्या घरातला सण वाटला. त्या पिढीतल्या दलित तरुणांना अभिमानानं बघावं असा माणूस मिळाला होता. त्या तरुणांत एक होते भीमराव आंबेडकर.

सगळं दिलं, कप्तानपद नाही

एवढं सगळं केल्यावर हिंदू संघाचा कर्णधार बाळूंनाच करायला हवं होतं. अनुभव, कामगिरी, वय, सगळं त्यांच्या बाजूला होतं. पण दरवर्षी कप्तानपद दुसऱ्या कुणाला तरी मिळायचं. कारण उघड होतं. गोलंदाज म्हणून ते चालत होते. पण कप्तान म्हणजे हुकूम देणारा, आणि त्यांचा हुकूम ऐकायची मंडळींची तयारी नव्हती.

१९१३ साली कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांचा सत्कार होता. त्या सत्कारात पै यांनी मोठ्या मनानं कबूल केलं, की हा मान खरं तर ज्येष्ठ असलेल्या बाळूंचा होता. टाळ्या पडल्या. कप्तान मात्र बदलला नाही.

१९२० साली कडेलोट झाला. पै आजारी पडले, कप्तानपद दि. ब. देवधर यांच्याकडे गेलं आणि बाळूंना संघातूनच वगळलं. शिवराम आणि विठ्ठल हे दोघं भाऊ तेव्हा संघाचे आधारस्तंभ होते. त्यांनी खेळायला नकार दिला आणि जातीमुळे आम्हाला डावललं जातंय, हे जाहीरपणे मांडलं. त्या काळी दलित खेळाडूंनी सवर्णांच्या जिमखान्याविरुद्ध असं उघड उभं राहणं म्हणजे पोटावर पाय येण्याची जोखीम होती. पण लोकमत त्यांच्या बाजूनं झुकलं. पुढच्या सामन्याला बाळूंना उपकर्णधार म्हणून परत आणलं, भाऊही परतले. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा संघाची सूत्रं बाळूंच्या हातात आली. त्यांच्या वाट्याला आलेलं कप्तानपद तेवढंच, काही वेळापुरतं.

तीन वर्षांनी, १९२३ साली, धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी त्यांनी चौरंगी स्पर्धा जिंकून दिली. गर्दीनं विठ्ठलना खांद्यावर उचलून घेतलं. थोरल्या भावानं पाया खणला, धाकट्यानं कळस चढवला.

मैदानाबाहेरचा सामना

खेळ सुटल्यावर बाळू राजकारणात आले. १९३२ साली दलितांना स्वतंत्र मतदारसंघ मिळावेत की नाही, यावरून गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुरू केलं. बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूनं होते. तोडगा काढण्याच्या वाटाघाटींत ते होते आणि पुणे करारावर सही करणाऱ्यांतही त्यांचं नाव आहे.

१९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसनं त्यांना थेट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभं केलं. दलित समाजाचे दोन मोठे मानकरी एकमेकांसमोर आले. लढत चुरशीची झाली आणि बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी जिंकले. बाळूंची वाट होती आतून हळूहळू दार उघडायची. बाबासाहेबांचं म्हणणं होतं, की दार उघडायची वाट किती पिढ्यांनी बघायची? खुद्द बाळूंचं आयुष्य बघितलं, तर बाबासाहेबांच्या प्रश्नात किती जोर होता हे कळतं. तीस वर्षं गडी बाद करूनही एका संघाचं कप्तानपद मिळालं नव्हतं.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकर यांचं निधन झालं. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत, प्रत्येकी साधारण १५ धावांत एक. भारताची कसोटी सुरू झाली तेव्हा त्यांचं वय उलटून गेलं होतं, म्हणून कसोटीच्या यादीत ते नाहीत. विठ्ठल यांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी पुस्तक लिहिलं. या घराण्याच्या खेळाची आणि सोसण्याची बरीचशी हकिकत त्यामुळेच मागे राहिली.

आज तालुक्याच्या मैदानावर कुठल्याही वाडीचा, कुठल्याही जातीचा पोरगा टॉसला जातो, क्षेत्ररक्षण लावतो आणि बाकीचे दहा जण त्याचं ऐकतात. यात कुणाला काही विशेष वाटत नाही. बाळू पालवणकर आयुष्यभर झगडले ते एवढ्याच साध्या गोष्टीसाठी.