निकोलाय पिल्युगिन

निकोलाय अलेक्सेयेविच पिल्युगिन (१८ मे १९०८ – २ ऑगस्ट १९८२) हे सोव्हिएत संघातील अभियंते होते. क्षेपणास्त्रे व प्रक्षेपण याने यांच्या स्वयंचलित मार्गदर्शन आणि नियंत्रण प्रणालींचे मुख्य रचनाकार म्हणून ते ओळखले जातात. जगातील पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात नेणाऱ्या आर-७ रॉकेटची स्वयंचलित नियंत्रण प्रणाली त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली. सेर्गेई कोरोल्योव यांच्या 'मुख्य रचनाकार परिषदे'च्या सहा मूळ सदस्यांपैकी ते एक होते.

प्रारंभिक जीवन

पिल्युगिन यांचा जन्म सेंट पीटर्सबर्गजवळील क्रास्नोये सेलो येथे झाला. १९२६ पासून त्यांनी मॉस्कोतील केंद्रीय वायुगतिकी संस्थेत यंत्रकारागीर म्हणून काम केले. पुढे बाउमान उच्च तंत्रविद्यालयात शिक्षण घेऊन ते १९३५ मध्ये अभियंता झाले व विमानांच्या उपकरणांवर काम करू लागले. हाताने उपकरण घडविण्याचा हा अनुभव त्यांना पुढील कारकिर्दीत उपयोगी पडला.

जर्मनीतील काम

दुसऱ्या महायुद्धानंतर व्ही-२ या जर्मन रॉकेटचा अभ्यास करण्यासाठी सोव्हिएत अभियंत्यांची पथके जर्मनीत पाठविण्यात आली. पिल्युगिन त्यांत होते. व्ही-२ मध्ये जायरोस्कोप रॉकेटची दिशा राखत आणि त्वरण मोजणारे उपकरण ठरावीक वेग गाठताच इंजिन बंद करण्याची आज्ञा देई. इंजिन बंद झाल्यानंतर रॉकेटचा मार्ग बदलता येत नसे. त्यामुळे त्या क्षणी वेगात राहिलेली लहानशी चूकही लक्ष्यापाशी मोठे अंतर होऊन दिसे. ही अचूकता वाढविणे हा पिल्युगिन यांच्या आयुष्यभराच्या कामाचा विषय ठरला.

१९४६ मध्ये मॉस्कोत एनआयआय-८८५ ही संस्था स्थापन झाली. तेथे पिल्युगिन यांच्याकडे स्वयंचलित नियंत्रणाची, तर मिखाईल र्‍याझान्स्की यांच्याकडे रेडिओ नियंत्रणाची जबाबदारी आली. कोरोल्योव, व्हॅलेंतिन ग्लुश्को (इंजिने), व्लादिमीर बार्मिन (प्रक्षेपण स्थळाची यंत्रणा) व व्हिक्तोर कुझ्नेत्सोव (जायरोस्कोप) हे परिषदेतील अन्य सदस्य होते.

आर-७

आर-१, आर-२ व आर-५ या क्षेपणास्त्रांनंतर आलेले आर-७ पूर्वीच्या रॉकेटांहून फार वेगळे होते. मध्यवर्ती भागाभोवती चार पार्श्वभाग जोडलेले असल्याने पाच भागांची इंजिने एकाच वेळी चालत. जुन्या रॉकेटांत ज्वाळेत बसविलेल्या ग्रॅफाइटच्या पात्यांनी दिशा बदलली जाई. आर-७ मध्ये त्यासाठी बारा लहान वळणारी इंजिने वापरण्यात आली.

१५ मे १९५७ रोजीचे पहिले उड्डाण एका पार्श्वभागास आग लागल्याने फसले. १२ जुलैच्या उड्डाणातील दोष मात्र नियंत्रण प्रणालीत निघाला. एका उपकरणातील विद्युत मंडलात शॉर्टसर्किट झाल्याने चुकीची आज्ञा गेली, रॉकेट स्वतःच्या लांब अक्षाभोवती फिरू लागले आणि सुमारे ३३ सेकंदांनी पार्श्वभाग सुटून पडले. जमिनीवरील चाचण्यांतून निसटलेला एक लहान दोष संपूर्ण रॉकेट नष्ट करू शकतो, हे या अपघाताने दाखवून दिले. सुधारणा होऊन २१ ऑगस्ट रोजी आर-७ कामचात्कापर्यंत पोहोचले. ४ ऑक्टोबर रोजी याच रॉकेटने स्पुत्निक-१ कक्षेत सोडला. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन यांचे यानही याच कुळातील रॉकेटने नेले.

स्वतंत्र संस्था व एन-१

१९६३ मध्ये पिल्युगिन यांचा विभाग एनआयआय-८८५ पासून वेगळा झाला व ते नव्या स्वयंचलन व उपकरण संस्थेचे प्रमुख झाले. जायरोस्कोपिक मंच, संगणक व नियंत्रणाची अन्य उपकरणे एकाच छताखाली विकसित करण्याकडे त्यांचा कल होता. प्रोटॉन प्रक्षेपण यान तसेच टेम्प-२एस व पायोनियर या क्षेपणास्त्रांच्या नियंत्रण प्रणाली या संस्थेत तयार झाल्या.

चंद्रमोहिमेसाठीच्या एन-१ रॉकेटची नियंत्रण प्रणालीही तिच्याकडेच होती. पहिल्या टप्प्यात ३० इंजिने असलेल्या या रॉकेटची १९६९ ते १९७२ या काळातील चारही उड्डाणे अयशस्वी ठरली. २७ जून १९७१ रोजी तळाशी निर्माण झालेल्या वायूंच्या अनपेक्षित भोवऱ्यांमुळे रॉकेट अक्षाभोवती फिरू लागले. ते रोखण्याइतके बळ नियंत्रक झोतांत नव्हते. चौथ्या उड्डाणासाठी अधिक समर्थ नियंत्रक इंजिने बसविण्यात आली आणि अंकीय संगणकावर आधारलेली प्रणाली वापरली गेली. तथापि पहिला टप्पा वेगळा होण्याच्या थोडे आधी तेही रॉकेट नष्ट झाले. १९७४ मध्ये एन-१ चे काम थांबविण्यात आले.

मृत्यू व वारसा

सोव्हिएत गोपनीयतेमुळे मुख्य रचनाकारांचे काम जनतेपासून दडविलेले असे. पिल्युगिनही त्यास अपवाद नव्हते. २ ऑगस्ट १९८२ रोजी मॉस्कोत त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर नोवोदेविची स्मशानभूमीत अंत्यसंस्कार करण्यात आले. बुरान अवकाशयानाची नियंत्रण प्रणाली त्यांच्या संस्थेने पूर्ण केली. १५ नोव्हेंबर १९८८ रोजी बुरान मानवाविना पृथ्वीप्रदक्षिणा करून धावपट्टीवर स्वयंचलितपणे उतरले.

त्यांची संस्था आणि मॉस्कोतील एक रस्ता यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे. उपग्रहांचा माग घेण्यासाठी बांधण्यास घेतलेल्या एका जहाजालाही त्यांचे नाव होते. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर ते अपुरे जहाज विकले गेले व त्याचे प्रवासी पर्यटन जहाजात रूपांतर झाले.

सन्मान

* समाजवादी श्रमवीर (१९५६ व १९६१)
* लेनिन पुरस्कार (१९५७)
* सोव्हिएत विज्ञान अकादमीचे पूर्ण सदस्यत्व (१९६६)
* सोव्हिएत राज्य पुरस्कार (१९६७)